शेजाऱ्याच्या देवळाचा उंबरठा

बडोदे शहराच्या जुन्या कोटाला चार दिशांना चार दरवाजे आहेत: पश्चिमेस लहेरीपुरा, उत्तरेस चांपानेर, दक्षिणेस गेंडी आणि पूर्वेस पाणीगेट. सोळाव्या शतकात गुजरातच्या सुलतानांच्या अमदानीत हे कोटबंद शहर वसले. भिंती बहुतेक गेल्या. दरवाजे मात्र राहिले. पाणीगेटातून आत शिरून पश्चिमेची वाट धरली की दुकानांच्या आणि हातगाड्यांच्या दाटीतून वाट काढीत माणूस मांडवीशी येतो. मांडवी म्हणजे चारी बाजूंनी कमानी असलेली मोगलाई धाटणीची इमारत. चारही दरवाज्यांचे रस्ते तेथे येऊन मिळतात. एखाद्या कुटुंबाने लेकरांना घेऊन एका दिवसात जुने बडोदे पाहावयाचे ठरविले, तर पाणीगेटाहून मांडवी हीच वाट सोयीची.

या वाटेवर देवळे पुष्कळ. मांडवीजवळ विठ्ठलाचे मंदिर आहे. १७३४ पासून बडोदे गायकवाडांच्या हाती कायमचे आले आणि त्यांच्यामागोमाग मराठी कुटुंबे येथे येऊन वसली. त्यांनी आपला विठोबा आपल्याबरोबर आणला. एकादशीला तो चांदीच्या पालखीतून शहरात मिरवतो. त्याच भागातील पोळीत नरसिंहजींची हवेली आहे. कार्तिकी पौर्णिमेस तेथून देवाची वरात तुळशीविवाहासाठी तुळशीवाडीकडे निघते, तेव्हा रस्त्यात पाऊल ठेवावयास जागा मिळत नाही. थोडे दूर, विश्वामित्री नदीच्या बाजूस, गायकवाड घराण्याचे कीर्तिमंदिर. आणि फत्तेगंजच्या लष्करी वसाहतीत एक असे मंदिर की ज्याचा घुमट धातूने मढविलेला आहे. त्याच्याविषयी पुढे सांगू.

नोकरीनिमित्ताने आमच्या खेड्यांतील काही तरुण गुजरातेत असतात. त्यांच्याकडे सुटीत जाणाऱ्या आईबापांना हा प्रश्न पडतोच: ही देवळे जुनी आहेत, सुंदर आहेत, इतिहासाची आहेत, पण आपण ख्रिस्ती माणसांनी आत जावे काय? गेलो तर हात जोडावे काय? शेजारच्या भाभींनी प्रेमाने हातावर प्रसाद ठेवला तर? प्रश्न लहान वाटतो. ख्रिस्तसभेच्या इतिहासात मात्र या प्रश्नाने मोठमोठ्या विद्वानांना शतकानुशतके झोप लागू दिली नाही. म्हणून तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही, आणि डोळे वटारून निकालात काढण्याजोगाही नाही.

पवित्र शास्त्रात नामान नावाच्या सीरियाच्या सेनापतीची कथा आहे. अलीशा संदेष्ट्याच्या शब्दाने त्याचे कोड गेले आणि इस्राएलाच्या देवावाचून दुसऱ्या कोणास भजावयाचे नाही असे त्याने ठरविले. परंतु त्याला एक अडचण होती. त्याचा राजा रिम्मोनाच्या देवळात जाई तेव्हा नामानाच्या हातावर भार टाकून वाके, आणि मग नामानालाही वाकावे लागे. हे मला क्षमा होईल काय, असे त्याने विचारले. अलीशाने त्याला उपदेशाचे व्याख्यान दिले नाही; शांतीने जा, एवढेच म्हटले. आमच्या मते या विषयावर शास्त्रात याहून अधिक माणुसकीचा प्रसंग नाही. वाकणाऱ्या माणसाची पाठ सर्वांस दिसते. त्याचे अंतःकरण देवाला दिसते.

हाच प्रश्न पुढे चीन देशात उभा राहिला आणि तेथे त्याने मोठा अनर्थ केला. ती हकीगत थोडी विस्ताराने सांगावीशी वाटते, कारण कीर्तिमंदिराच्या पायऱ्या चढताना तीच आठवते.

संत फ्रान्सिस झेवियर १५५२ साली चीनच्या किनाऱ्यालगतच्या शांगचुआन बेटावर वारले. चीनची भूमी त्यांच्या डोळ्यांसमोर होती, पण त्यांचे पाऊल तेथे पडले नाही. जुन्या गोव्यातील त्यांच्या शवपेटीसमोर गुडघे टेकलेल्या आमच्या वाचकांना हे ठाऊक असेलच. जे त्यांना साधले नाही ते येशूसंघाचेच मात्तेओ रिच्ची या धर्मगुरूंना साधले. १५८३ साली ते चीनमध्ये राहावयास गेले आणि १६०१ साली पेकिंग राजधानीत पोहोचले. आरंभी त्यांनी बौद्ध भिक्षूंचा वेष घेतला होता. पुढे तो टाकून चिनी पंडितांचा घेतला, कारण त्या समाजात मान पंडिताला होता.

चीनच्या मोठ्या शहरात तेव्हा अनेक तऱ्हांची मंदिरे असत. एक बौद्धांची, जेथे भिक्षू राहत. दुसरी ताओपंथीयांची, जेथे नाना देवतांची आराधना चाले. तिसरी राज्याची: कन्फ्यूशियस या गुरूची, पूर्वजांची, आणि राजधानीत खुद्द बादशहाची. पेकिंगचे स्वर्गमंदिर १४२० साली बांधले गेले. तेथील यज्ञ करण्याचा अधिकार एकट्या बादशहाचा. सामान्य प्रजेस त्या आवारात प्रवेश नसे. १९१८ साली ते सर्वांस खुले झाले, आणि आज तेथील झाडांखाली पेन्शनर मंडळी पत्ते खेळतात. राजवाड्याशेजारी बादशहाच्या पितरांचे मंदिर होते. १९५० साली त्याचे श्रमिकांच्या सांस्कृतिक भवनात रूपांतर झाले.

रिच्ची यांनी या मंदिरांत भेद केला. बौद्ध आणि ताओ मंदिरांतील पूजा ख्रिस्ती माणसाने करू नये, याविषयी त्यांच्या मनात शंका नव्हती. परंतु चिनी मुलगा आपल्या मृत बापाच्या नावाच्या पाटीपुढे वाकतो, ती पूजा की आदर? शिष्य गुरूच्या पाटीपुढे धूप लावतो, ती भक्ती की कृतज्ञता? रिच्ची यांना वाटले की तो आदर आहे, आणि नव्या ख्रिस्ती माणसाला बापाचा मान राखू नको असे सांगणे हे चौथ्या आज्ञेविरुद्धच जाईल. १६१० साली ते वारले तेव्हा बादशहाने त्यांच्या दफनासाठी जागा दिली, ती एका खोजा अधिकाऱ्याकडून जप्त झालेली, जेथे बौद्ध देऊळ होते अशी. ख्रिस्ती धर्मगुरूचे थडगे परक्या देवळाच्या आवारात झाले. असे योग कोणी ठरवून घडवीत नाही.

पुढे दोमिनिकन आणि फ्रान्सिस्कन संघांचे धर्मगुरू चीनला आले. त्यांनी खेड्यापाड्यांत पाहिले की सामान्य माणूस त्या पाटीपुढे जेवण वाढतो, मृतांकडे नवस बोलतो. त्यांनी म्हटले, हा आदर नव्हे, ही उपासना आहे. दोघांचेही पाहणे खरे होते. पंडित एक भाव मनात धरून वाकत होता, शेतकरी दुसरा. रोमकडे तक्रारी गेल्या. कधी मनाई झाली, कधी मोकळीक. अखेर १७०४ साली मनाईचा निर्णय झाला, १७१५ साली पोप अकरावे क्लेमेंट यांनी तो कडक शब्दांत पुन्हा जाहीर केला आणि १७४२ साली पोप चौदावे बेनेडिक्ट यांनी वादाचे दारच लावून घेतले. १६९२ साली ज्या कांगशी बादशहाने ख्रिस्ती उपासनेस मोकळीक दिली होती, त्यानेच १७२१ साली प्रचारास बंदी केली. आमच्या पूर्वजांना मान देणे ज्यांना पाप वाटते, त्यांचे आमच्या देशात काय काम, असा त्याचा रोख होता. पुढील कित्येक पिढ्या चिनी ख्रिस्ती मुलांना एका बाजूस आपला धर्म आणि दुसऱ्या बाजूस आपल्या आजोबांचे नाव यांतून निवड करावी लागली.

हा तिढा सुटला ८ डिसेंबर १९३९ रोजी. पोप बारावे पायस यांच्या संमतीने रोमहून आदेश निघाला की मृतांसमोर, त्यांच्या तसबिरीसमोर किंवा नुसते नाव लिहिलेल्या पाटीसमोर मस्तक लवविणे हा नागरी आदर आहे आणि ख्रिस्ती माणसाने तो द्यावयास हरकत नाही. १७०४ पासून मोजले तर दोनशे पस्तीस वर्षे झाली होती.

आता बडोद्यास परत येऊ. कीर्तिमंदिर हे याच जातीचे मंदिर आहे. ते महाराज सयाजीराव तिसरे यांनी १९३६ साली बांधविले. गायकवाड घराण्यातील दिवंगतांचे स्मरण हा त्याचा मुख्य हेतू. शिखरावर सूर्य, चंद्र आणि पृथ्वी आहेत, आणि त्या पृथ्वीवर अखंड हिंदुस्थानचा नकाशा. आत राजपुरुषांच्या आणि राण्यांच्या प्रतिमा. तेथे क्षणभर मान लववून उभे राहिल्याने कोणाच्या श्रद्धेस बाध येत नाही. नोव्हेंबरच्या दुसऱ्या दिवशी आपण दफनभूमीत मेणबत्त्या लावतो, तेव्हा एखादा हिंदू शेजारी आपल्या आजीच्या कबरीवर फुले ठेवून जातो. तो ख्रिस्ती झाला असे आपण म्हणत नाही. म्हातारीवर त्याचा जीव होता, एवढेच आपण समजतो.

सयाजीराव हे मूळचे नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावच्या शेतकरी घरातील मूल. १८७५ साली दत्तक घेऊन त्यांना गादीवर बसविले गेले. राजा होऊन त्यांनी १९०६ साली राज्यभर सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू केले. अशा राजाने आपल्या पितरांच्या मंदिराच्या भिंती रंगविण्यासाठी शांतिनिकेतनचे नंदलाल बोस यांना बोलाविले. पहिले चित्र गंगावतरणाचे, १९३९ सालचे. त्याच वर्षी फेब्रुवारीत महाराज वारले. काम पुढे काही वर्षे चालू राहिले. मीरेची कथा आली, महाभारताचे युद्ध आले, आणि एका भिंतीवर ‘नटीर पूजा’ आली. ही शेवटची भिंत वाचकांनी अवश्य पाहावी.

‘नटीर पूजा’ हे रवींद्रनाथ ठाकुरांचे १९२६ सालचे नाटक. कथा बौद्ध काळची. राजा अजातशत्रूच्या राज्यात बुद्धाच्या स्तूपाची पूजा करण्यास बंदी झाली. श्रीमती नावाची एक राजनर्तकी मनाने बुद्धाची उपासक होती. तिची विटंबना करावयाची म्हणून तिला आज्ञा झाली की त्याच स्तूपासमोर नाच. ती नाचली, पण नाचता नाचता एकेक दागिना उतरवून ठेवीत गेली, आणि तो नाचच पूजा झाला. त्याबद्दल तिचा प्राण घेतला गेला. आमच्या मुलांना संत आग्नेस आणि संत सेसिलिया यांच्या कथा ठाऊक आहेत. ही कथाही त्यांना अनोळखी वाटणार नाही. राजाच्या हुकुमाविरुद्ध उपासना करणाऱ्या दासीचे चित्र राजघराण्याच्याच मंदिराच्या भिंतीवर आहे, ही गोष्ट आम्हांस फार मोठी वाटते.

बुद्धाची आठवण बडोद्यात आणखी एके ठिकाणी आहे. शामळाजीजवळ देवनी मोरी येथे १९६० नंतरच्या दोन-तीन वर्षांत बडोदे विद्यापीठाच्या पुरातत्त्व विभागाने उत्खनन केले. तेथे एक विहार आणि स्तूप निघाला, आणि स्तूपाच्या पोटात एक दगडी करंडा सापडला. त्यावर ब्राह्मी लिपीत संस्कृत लेख असून आत बुद्धाचे अवशेष असल्याचे त्यात म्हटले आहे. करंडा विद्यापीठाने जतन केला. स्तूपाची जागा पुढे धरणाच्या पाण्याखाली गेली. सातव्या शतकात ह्युएनत्संग हा चिनी भिक्षू पायी हिंदुस्थानात आला. महाराष्ट्रातून तो भरुच आणि वलभीकडे गेला, आणि जेथे गेला तेथील विहार किती, देवळे किती, भिक्षू किती, हे त्याने टिपून ठेवले. परक्यांच्या देवळांकडे त्याने पाठ फिरविली नाही, मोजून लिहिली. म्हणून त्या काळचा आपला देश कसा होता हे आज आपल्याला कळते.

विठ्ठलमंदिराची गोष्ट मात्र कीर्तिमंदिरासारखी नाही. ते कोणाचे स्मारक नव्हे. तेथे आजही नित्य पूजा चालते, लोक डोळे मिटून रडतात, मागतात, आभार मानतात. तेथे ख्रिस्ती माणसाने पाहुण्यासारखे जावे. वहाणा बाहेर काढाव्या, आवाज खाली ठेवावा, मुलांना आवरावे, दर्शनाची रांग अडवून छायाचित्रे काढू नयेत. जी भक्ती मनात नाही तिचे सोंग करू नये. तसे सोंग शेजाऱ्याच्याही देवाची थट्टाच होय. प्रसादाविषयी संत पौलाने करिंथकरांना जे लिहिले ते पुरेसे आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे की पदार्थात विष नाही, पण तुझ्या खाण्याने एखाद्या दुबळ्या बंधूचे मन डळमळत असेल तर त्याच्यासाठी थांब. म्हणजे निर्णय पदार्थावरून होत नाही, जवळ उभ्या असलेल्या माणसाकडे पाहून करावा लागतो. नाकारावयाचे झाले तर हात जोडून, गोड शब्दांत नाकारावे. हात झटकून नव्हे.

१९६४ च्या डिसेंबरात पोप सहावे पॉल मुंबईस आले तेव्हा त्यांनी इतर धर्मांच्या प्रतिनिधींची भेट घेतली. पुढच्या वर्षी, २८ ऑक्टोबर १९६५ रोजी, व्हॅटिकनच्या दुसऱ्या महासभेने इतर धर्मांविषयीचे आपले निवेदन प्रसिद्ध केले, आणि त्या धर्मांत जे सत्य व पवित्र आहे ते ख्रिस्तसभा नाकारीत नाही असे जाहीर केले. लगेच १९६६ साली बडोद्यास ते फत्तेगंजचे मंदिर उभे राहिले. दक्षिणामूर्ती, म्हणजे शिष्यांना ज्ञान देणारा शिव, हे तेथील दैवत. लष्कराच्या विद्युत व यांत्रिक अभियंत्यांच्या शाळेने ते बांधले, जवानांनीच ते सांभाळले. घुमट त्रिकोणी तुकड्यांचा आणि ॲल्युमिनियमच्या पत्र्याने मढविलेला. कळस हिंदूंचा, घुमट मुसलमानांचा, मनोरा ख्रिस्ती, माथ्यावरील सोनेरी भाग बौद्धांचा, प्रवेशद्वार जैनांचे, अशी त्याची मांडणी सांगतात. ही कल्पना ज्यांची, ते ब्रिगेडियर ए. एफ. युजीन हे ख्रिस्ती होते. वेगवेगळ्या धर्मांची चिन्हे एका छपरावर ठेवल्याने धर्म एक होतात असे आम्हांस वाटत नाही, आणि त्या अधिकाऱ्यालाही वाटले असेल असे नाही. एकाच खंदकात झोपणाऱ्या निरनिराळ्या धर्मांच्या जवानांसाठी त्याने एक छप्पर घातले. लष्करी आवार असल्यामुळे ओळखपत्र जवळ ठेवावे.

एवढे फिरून झाल्यावर मुले कमाटीबागेत जाण्याचा हट्ट धरतील. तेथील संग्रहालयात इजिप्तची ममी आहे, चीन-जपानच्या वस्तू आहेत. तेथेच संकल्पभूमीची जागा आहे, आणि तिच्यासाठी वडीलधाऱ्यांनी थोडा वेळ राखून ठेवावा.

सयाजीरावांनी दिलेल्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली भीमराव आंबेडकर अमेरिकेत शिकावयास गेले होते. कराराप्रमाणे १९१७ च्या सप्टेंबरात ते संस्थानच्या नोकरीवर बडोद्यास आले. अस्पृश्य म्हणून त्यांना कोठेही बिऱ्हाड मिळेना. एका पारशी धर्मशाळेत ते नाव लपवून राहिले. अकरा दिवसांनी दहा-बारा माणसे काठ्या घेऊन आली आणि त्यांना बाहेर निघावे लागले. तेव्हा त्यांनी दोन मित्रांचा आसरा शोधला. एक हिंदू होता. त्याने म्हटले, तुम्ही आलात तर माझे नोकर निघून जातील. दुसरा ख्रिस्ती होता. त्याने म्हटले, बायको परगावी आहे, उद्या आल्यावर तिला विचारून सांगतो. हे नवराबायको मूळचे ब्राह्मण घराण्यातील. नवऱ्याचे विचार मोकळे झाले होते, पण बायको आपल्या घरात अस्पृश्याला घेण्यास तयार झाली नसती, हे आंबेडकरांना मागाहून कळले. हे त्यांनी स्वतःच आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे.

देवळाचा उंबरठा ओलांडावा की नाही याची आपण चर्चा करतो. त्या दिवशी प्रश्न आपल्या घराच्या उंबरठ्याचा होता. त्या घरात भिंतीवर क्रूस असेल, रात्रीची प्रार्थना होत असेल. आणि दारात एक दमलेला, शिकलेला, बेघर माणूस उभा होता. चीनमधील धर्मगुरू ज्या प्रश्नावर भांडले तो अवघड होता, दोन्ही बाजूंना विद्वान होते. या प्रश्नाला दुसरी बाजू नव्हती.

आंबेडकर कमाटीबागेत एका वडाखाली जाऊन बसले. त्या ठिकाणी त्यांचे डोळे भरून आले, आणि आपल्या लोकांचे हे जिणे बदलण्याचा निश्चय त्यांनी तेथेच केला असे मानतात. २३ सप्टेंबर हा दिवस तेथे पाळला जातो. पुढे एकोणचाळीस वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपुरास त्यांनी बौद्ध धर्माची दीक्षा घेतली. ख्रिस्ती धर्मात यावे म्हणून मधल्या काळात त्यांच्याकडे अनेकांनी येरझारा घातल्या होत्या.

बाग स्टेशनपासून लांब नाही. त्या दिवशी आंबेडकर रात्रीच्या मुंबईच्या गाडीची वाट पाहत येथे काही तास बसले होते. आपल्याही गाडीला वेळ असेल तर मुलांना घेऊन तेथे थोडे बसावे आणि ही हकीगत त्यांना सांगावी. ख्रिस्ती मित्राच्या उत्तरासकट सांगावी.